येसायचा पातेरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. निवेखोलात तेव्हा घरांवर कौलं आली नव्हती, सगळीकडे गवताची शाकारणी. डोंगर उतरून कुणी पाव्हणा आला तर माणसांच्या आधी कुत्र्यांना कळायचं आणि कुत्र्यांच्याही आधी कोंबड्यांना. हसू नका. कोंबडीला अक्कल नसते असं म्हणणाऱ्यानं कोंबडी पाळलेली नसते, नुसती खाल्लेली असते.

तर त्या निवेखोलात एक नवी नवरी आली, येसू तिचं नाव. आज सगळे तिला येसाय म्हणतात आणि तिच्या नावानं हात जोडतात. पण त्या दिवशी ती नुसती येसू होती, चालून चालून रडवेली झालेली, आणि तिच्या काखेत एक डालगं होतं. कोंबड्या झाकायचं बांबूच्या कामट्यांचं टोपलं, ते डालगं. आत एक कोंबडी नि एक कोंबडा. कोंबडी काळी कुळकुळीत, म्हणून तिला काजळी म्हणायचे. कोंबडा तांबडा होता आणि त्याला नाव नव्हतं. कोंबड्याला नाव ठेवून उपयोग काय, तो रोज पहाटे स्वतःच स्वतःचं नाव ओरडून सांगतो.

येसूची आई अंथरुणाला खिळलेली होती. लेकीला द्यायला तिच्यापाशी ना धड भांडं होतं ना धड लुगडं. होत्या त्या कोंबड्या. डालगं लेकीच्या हाती देताना ती म्हणाली होती, "घर नवं असलं तरी आरवणं वळखीचं असूं दे गो बाय. पहाटे कोंबडा आरवला की समज, आय उठली."

आणि त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, ती माऊली गेली. मागे भाऊ नाही, भावजय नाही. येसूला माहेर म्हणून जे काही उरलं ते त्या डालग्यात.

आता येसूची सासू भिवरा. ही बाई वाईट होती असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते आधी काढून टाका. सासू म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात! भिवरा मायाळू होती, फक्त तिला एक वेड होतं, सारवणाचं. तिचं अंगण पंचक्रोशीत नावाजलेलं. असं म्हणतात की त्या अंगणात मुंगीसुद्धा पाय पुसून यायची. सकाळी उठून शेणाचा हात फिरवल्याशिवाय भिवरा पेज पीत नसे आणि एखादं सुकलं पान अंगणात पडलं की तिच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं.

निवेखोलात एक रीत तेव्हा होती आणि आजही आहे. भाताचं रोप पेरलं की गावातल्या सगळ्या कोंबड्या कुंपणात घालायच्या. मोकळ्या राहिल्या तर पेरलेला दाणा उकरून खातात. लावणी उरकेपर्यंत त्यांनी कुंपणातच राहायचं. करवंदीच्या काट्या रोवून हे कुंपण करतात, वर अर्ध्या भागावर नारळाची झापं टाकतात, आणि त्याला म्हणतात वई.

पहिल्या वर्षी भिवरानं सुनेच्या कोंबड्यांसाठी आपल्या हातांनी वई घातली. आणि सुनेच्या माहेरची जित्राबं ती, त्यांचा मान ठेवायला नको? म्हणून तिनं वईतली जमीन चोपून चोपून आरशासारखी केली आणि शेणानं सारवून काढली. वर रांगोळीचं बोटसुद्धा ओढलं. अख्ख्या गावात कोंबड्यांना असा मान कुणी दिला नव्हता. बायका बघायला आल्या. येसूचा ऊर भरून आला.

मग पाऊस लागला, आणि त्या आरशाचा राडा झाला. चोपलेल्या जमिनीत पाणी मुरेना. शेण सुटलं, त्यात कोंबड्यांची घाण मिसळली, आणि बिचारी जित्राबं त्या बुळबुळीत चिखलात एका पायावर उभी. उकरायचं तर काय उकरायचं? काजळीनं तेव्हा पिल्लं काढली होती. त्यांच्या बोटांना कुजकं लागलं, माना पडल्या, डोळ्यांवर पापुद्रे आले. एकेक करत सगळी गेली.

भिवरा काय करायची? पिल्लू मेलं की ती म्हणायची, स्वच्छता कमी पडली. आणि पुन्हा सारवायची. तिच्याही डोळ्यांना पाणी यायचं, खोटं कशाला बोला.

येसूला दिसत होतं. पण नव्या सुनेनं सासूच्या सारवणाला नाव ठेवायचं म्हणजे देवळात जाऊन देवाच्या नाकाला नाव ठेवण्यासारखं. ती गप्प राहिली. आणि गावाला तर त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. घरोघरी तीच तऱ्हा. पावसाळ्यातली पिल्लं पावसाचीच, असं सगळे म्हणायचे. फार झालं तर राखणदार कोपला म्हणायचे. राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवरच्या राईतला देव, गावाला राखणारा. माणसाला आपल्या हातची चूक दिसली नाही की देवाचा कोप लगेच दिसतो.

दुसऱ्या वर्षी मात्र येसूनं धीर केला. तोवर आई गेलेली होती. पहाटे कोंबडा आरवला की ती अंथरुणात उठून बसायची, छातीवर हात ठेवून ऐकायची, आणि मग चूल पेटवायची. हे आरवणं बंद पडलं तर? 

तिचा नवरा धोंडू मुकाट कामाचा माणूस, बायकोचा शब्द खाली पडू न देणारा. त्यानं पऱ्ह्यातली, म्हणजे ओढ्यातली, वाळू आणून वईत टाकली. वाळू आठवडाभर बरी दिसली, मग गार पडली ती पडलीच, आणि वास मारायला लागली. ती उपसून येसूनं भाताचं तूस पसरलं. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तूस तरंगलं आणि तरंगत तरंगत भिवराच्या अंगणात गेलं! त्या दिवशी भिवरानं अंगण तीनदा झाडलं. मग पेंढा टाकून झाला. पेंढ्यावर कोंबड्या मजेत बसल्या, येसूला वाटलं, जिंकलं. पण पेंढा आतून कुबट झाला, त्याला पांढरी बुरशी धरली, आणि कोंबड्या माणसासारख्या खोकायला लागल्या. शेवटी चुलीतली राख. कोरडी असताना राखेसारखं सुख नाही, कोंबड्या तिच्यात लोळतात, अंगावरच्या पिसवा झाडतात. पण भिजली की तिचा लगदा होतो आणि तो पायांना चावतो.

होता होता त्या सालची पिल्लंही गेली आणि वईत उरले दोघेच, तांबडा कोंबडा आणि काजळी. आणि एका सकाळी काजळीही दिसेना.

काट्यांत फट पडली होती. कोल्ह्यानं नेली असणार, नाहीतर मुंगसानं. येसू मागच्या दारी फणसाखाली बसून ओक्साबोक्शी रडली. धोंडू जवळ बसून राहिला. भिवरा म्हणाली, "उग्या ऱ्हा गो. दुसरी कोंबडी आणू." दुसरी कोंबडी बाजारात मिळते, आईची मिळत नाही.

आता इथून पुढची गोष्ट नीट ऐका. असं म्हणतात की त्या दिवसापासून कोंबड्यानं तोंड फिरवलं. रोज उगवतीकडे बघून आरवणारा कोंबडा राईकडे बघून आरवायला लागला. एकदा आरवायचा, मग मान तिरकी करून ऐकत उभा राहायचा, मग पुन्हा आरवायचा. येसू महिनाभर ते बघत होती. एका दुपारी पाऊस उघडला तशी ती उठली, पदरात पान-सुपारी घेतली आणि राईच्या वाटेला लागली.

राखणदाराच्या राईत कुणी उगाच जात नसे. तिथली फांदी तोडायची नाही, काटकी उचलायची नाही, पडलेलं पानसुद्धा हलवायचं नाही, असा नेम. ऐन, किंजळ, हेळा, एकेका झाडाला मिठी मारायला तिघे जण लागतील. येसूनं वेशीवरच्या दगडापाशी पान-सुपारी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी काय न्यायला आलं नाय. माजं हरवलंय तेवढं बघतंय." आणि आत शिरली.

एका मोठ्या ऐनाच्या बुंध्याशी तिला काजळी दिसली. जिवंत! आणि नुसती जिवंत नव्हे, तिच्या पोटाखालून काळी, तांबडी, ठिपक्याची पिल्लं डोकावत होती. इतका पाऊस कोसळून गेला होता, पण एकाही पिल्लाच्या पायाला चिखल नव्हता. काजळी पायांनी फराफरा उकरत होती, पानं उडत होती, खालून किडा निघत होता, आणि ती पिल्लांना हाक मारत होती.

येसू गुडघ्यावर बसली. तिनं पानांत हात घातला. वरची पानं ओली होती. हात आणखी आत गेला तर पानं कोरडी लागली. आणखी आत घातला तर खाली काळा, भुसभुशीत चुरा, आणि ऊब, चुलीमागे ठेवलेल्या पोत्यासारखी. त्या जमिनीवर वर्षानुवर्षं कुणी झाडू फिरवला नव्हता.

असं म्हणतात की येसू तिथे हात पानांत खुपसून कितीतरी वेळ बसून राहिली, आणि जेव्हा हात बाहेर काढला तेव्हा तिला रडू येत होतं की हसू ते तिचं तिलाच कळेना. मग ती काजळीला आणि पिल्लांना पदरात घेऊन घरी आली. राईतलं एक पानही तिनं सोबत आणलं नाही, पदराला चिकटलेलं होतं तेही वेशीवर झटकलं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, झाडाखालची पानं आणायची नि वईत टाकायची, संपली गोष्ट. एवढं सोपं असतं तर गावानं तिला येसाय म्हटलं नसतं.

कोकणात सुकलेल्या पानांना पातेरा म्हणतात, आणि पातेरा म्हणजे कचरा नव्हे. शिमग्याच्या सुमारास झाडं पानं गाळायला लागली की बायका डोंगर झाडून पातेरा आणतात. मग रोप जिथे पेरायचं त्या वाफ्यावर पातेरा, शेण, झाडांचे टहाळ पसरून ते पेटवतात. राब भाजणं ते हेच. त्यानं तण जळतं, कीड मरते, राखेनं रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. ज्याच्या दारात पातेऱ्याची उडवी मोठी, त्याच्या घरात वर्षाचं अन्न.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर घरी पातेऱ्याची उडवी रचून झाली आणि येसूनं तोंड उघडलं. "आत्याबाई, ह्यातला अर्धा पातेरा मला द्या. वईत घालतंय."

भिवराच्या हातातला झाडू खाली पडला. "काय? पोटाचा भात कोंबड्यांच्या पायाखाली घालतस? आनि माज्या अंगणालगत पाला पसरून ठेवतस? लोक शेण घालतील तोंडात!"

"पिल्लं जगतील, आत्याबाई. मी डोळ्यांनी बघितलंय."

"नि मानसं?"

येसू हटली नाही. दोन दिवस घरात चूल पेटली ती धोंडूनं पेटवली. शेवटी गोष्ट गावापर्यंत गेली, आणि गावकरीचा, म्हणजे गावाच्या निवाड्याचा, मान ज्या घराकडे होता त्या घरचे नवलूबाबा दारात येऊन बसले. नवलूबाबा तोलून बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येसू, अर्धा पातेरा गेला की एक वाफा न भाजता ऱ्हाणार. हा तुज्या एकटीचा सवाल नाय. त्या वाफ्यातली कीड नि तण शेजाऱ्याच्या वाफ्यात जाईल. गावानं का सोसावं?"

येसू उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "एक साल द्या, बाबा. माज्या वाफ्यात रोप नाय आलं, तर माजा कोंबडा नि काजळी, पिलावळीसकट, राखणदाराला. मी माज्या हातान सोडीन."

त्या कोंबड्यात येसूचा जीव किती होता ते कुणाला ठाऊक नव्हतं? "बोललीस ते ध्यानात ठेव," नवलूबाबा म्हणाले, आणि उठले.

भिवरानं अर्धा पातेरा दिला, पण फणकाऱ्यानं. "वई माज्या दारात नको. त्या न भाजलेल्या वाफ्यावरच घाल जा तुजी वई!"

रागात बोलली बाई. पण कधी कधी रागातला शब्दही देव ऐकून ठेवतो.

येसूनं खरंच त्या वाफ्यावर वई घातली. धोंडूनं काट्या रोवल्या. वाफ्यावर तिनं गुडघाभर पातेरा पसरला आणि कोंबड्या आत सोडल्या. पहिल्या दिवशी त्या बावरल्या. मग काजळीनं एक पाय मारला, दुसरा मारला, आणि जी सुरुवात झाली ती चैत सरला, वैशाख सरला तरी थांबली नाही. उकरतायत, वर-खाली करतायत, तणाचं बी वेचतायत, हुमणीच्या अळ्या ओढून काढतायत. पातेऱ्याचा आधी चुरा झाला, मग चुऱ्याची काळी माती व्हायला लागली. येसू रोज मूठभर उचलून दाबून बघायची. मूठ ओली झाली तर वर सुका पातेरा घालायची, भुगा मोकळा पडला तर समाधानानं घरी जायची. बाकीचा गाव राब भाजत होता, सगळ्या खोऱ्यात धूर कोंडला होता, आणि त्या धुरात एकच वाफा न पेटलेला. येणारे-जाणारे बघून हसायचे. "येसू, कोंबड्यांना नांगर कधी जुंपतस?" कुणीतरी विचारलंच.

पेरणीची वेळ आली. येसूनं वई तिथून हलवून मागच्या दारी फणसाखाली नेली, राहिलेला सगळा पातेरा तिथे ओतला आणि कोंबड्या आत घातल्या. भिवरानं पाठ फिरवली, पण नाही म्हणाली नाही. मग येसूनं मोकळ्या वाफ्यात दाणा पेरला आणि वर काळ्या चुऱ्याचा पातळ थर दिला.

मिरगाच्या सरी आल्या. भाजलेल्या वाफ्यांत हिरवी सुई वर आली. शेजारच्या वाफ्यात आली, त्याच्या शेजारच्या वाफ्यात आली. येसूच्या वाफ्यात काही नाही, काळ्याचं काळं.

ती सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बसायची. धोंडू म्हणायचा, "येईल." भिवरा अंगण सारवत राहायची. मग नवलूबाबांनी माणूस पाठवला. त्यानं रीतीप्रमाणे कोंबड्याच्या पायात तांबडा दोरा बांधला. दोरा बांधला की कोंबडा देवाचा, मग घरचा त्याच्यावर हक्क नाही. येसूनं स्वतः कोंबडा धरून दिला. बोललेलं होतं ना! दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला तेव्हा ती उठून बसली नाही. तोंडावर पदर घेऊन पडून राहिली आणि पुटपुटली, "आये, आजून थोडेच दिवस."

आणि त्याच सुमाराला पाऊस गेला. असा गेला की जणू आलाच नव्हता. आभाळ निळं, ऊन वैशाखाचं. भाजलेल्या वाफ्यांवरची राख आधीच वाहून गेली होती, खालची माती तडकली, हिरव्या सुया पिवळ्या पडल्या, मग तांबूस, मग आडव्या. गाव देवाला कौल लावायला लागला. येसू सवयीनं आपल्या बांधावर गेली आणि जागच्या जागी थबकली. काळ्या चुऱ्यातून रोप वर आलं होतं. उशिरा आलं होतं, पण पोपटाच्या पंखासारखं हिरवं, आणि एवढं दाट की बोट घालायला जागा नाही. तिनं चुऱ्यात हात घातला. आत ओल होती. राईत लागली होती तशीच.

असं म्हणतात की तिनं तिथून जी हाक मारली ती पल्याडच्या वाडीत ऐकू गेली. हाक एवढीच, "आत्याबाई!" आईला नाही, नवऱ्याला नाही, सासूला मारली.

भिवरा धावत आली. वाफ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि माघारी वळली. येसू तिच्या मागे. भिवरा तडक मागच्या दारी फणसाखाली गेली आणि वईत शिरली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या घरालगत न सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली. पाय पातेऱ्यात घोट्यापर्यंत रुतले. मिरगाच्या सरी झेलूनही तिथे वास नव्हता, चिखल नव्हता. तिच्या भेगाळलेल्या टाचांना खालून ऊब लागली. काजळीनं नवी पिल्लं काढली होती, ती येऊन तिच्या पायांभोवती उकरायला लागली. एक तर पायावरच चढून बसलं.

भिवरा मटकन खाली बसली. "ह्या हातांनी मी तुज्या आयशीची पिल्लं मारली गो," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. "सारवून सारवून मारली."

येसू तिच्या शेजारी पातेऱ्यात बसली. "नाय, आत्याबाई. तुमी त्यांना मान दिलात. माज्या माहेराला असा मान कोनी दिला नवता. त्यांना फकस्त पायाखाली रान हवं होतं."

भिवरानं डोळे पुसले. कोंबडा जवळच उभा होता, पायात तो तांबडा दोरा. तिनं कोंबड्याला धरला, मांडीवर घेतला, आणि दोरा दातांनी तटकन तोडला. देवाचा दोरा! नवलूबाबा आले तेव्हा भिवरानं तो दोरा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "रोप आलं. आता राखणदाराला काय सांगायचं ता तुमी सांगा. नायतर मी सांगतंय." नवलूबाबा वाफा बघून आले होते. ते नुसते हसले आणि तोडलेला दोरा उचलून कनवटीला लावला.

मग पाऊस परतला आणि गावाच्या लावणीला रोप कमी पडलं. येसूच्या वाफ्यातलं रोप घरोघरी गेलं. आता वाफा तो केवढा? पण असं म्हणतात की बायका उपटत गेल्या आणि ते सरेना. सगळ्या खोऱ्याची लावणी झाली तरी वाफ्याच्या कोपऱ्यात मूठभर उरलंच होतं. खरं-खोटं त्या राईतल्या ऐनाला ठाऊक.

त्या पावसाळ्यात फणसाखालच्या वईत एकही पिल्लू मेलं नाही. पुढच्या वर्षी गावानं आपापल्या पातेऱ्यातला वाटा आपापल्या वईत घातला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावांतून माणसं विचारायला यायला लागली. येसू कुणालाही एकच सांगायची, "कोंबडीला अंगण नको, रान हवं. रान घरी आनता येत नाय, पातेरा येतो." तिच्याबद्दल मग काय काय सांगायला लागले लोक! म्हणे, मुंगूस वईत शिरलं की पातेरा वाजायचा तो तिच्या नावानं वाजायचा. म्हणे, आजारी कोंबडी तिच्या वईत सोडली की तिसऱ्या उकरण्याला बरी व्हायची. ती स्वतः हसायची. "कोंबडी उकरते नि बरी होते. मी कोन?"

ती खूप जगली. येसूची येसूकाकी झाली, काकीची येसाय झाली. सासूची तिनं शेवटपर्यंत सेवा केली, आणि भिवरा म्हातारपणी रोज सकाळी अंगण सारवून झालं की वईत जाऊन पाय शेकत बसायची. येसाय गेली ती ऐन पावसाळ्यात, झाडं पानं गाळत नाहीत अशा दिवसांत. पण असं म्हणतात की त्या सकाळी राईतल्या ऐनानं पानं सोडली, आणि वाऱ्यावर येऊन ती तिच्या दारात पडली. भर दुपारी गावातले सगळे कोंबडे एकदम आरवले. ती पानं कुणी झाडली नाहीत. आपोआप माती होईपर्यंत ती तिथेच राहिली.

निवेखोलात आजही राबासाठी पातेरा आणला की पहिली पाटी वईत जाते. तिला येसायचा वाटा म्हणतात. आणि आजही त्या गावात नवी सून येते तेव्हा तिच्या काखेतल्या डालग्यात माहेरची कोंबडी नि कोंबडा असतो. अंगण सारवलेलं असतं, रांगोळी असते, सगळं झकपक असतं. पण नवरीनं उंबरा ओलांडायच्या आधी सासू सूपभर सुका पातेरा घेऊन बाहेर येते आणि त्या सारवलेल्या, चकचकीत अंगणात आपल्या हातानं ओतते. कोंबडी डालग्यातून सुटते, जरा बावरते, मग एक पाय मारते, दुसरा मारते, पानं उडतात. सासू म्हणते, "ये गो बाय, आता घर तुजं." मग सून आत येते. त्या दिवशी ते अंगण कुणी झाडत नाही, आणि दुसऱ्या पहाटे नव्या घरात नवरीला जाग येते ती ओळखीच्या आरवण्यानं.